मुक्या पडद्यासमोर विनीता

मधुमेहाने विनीताची दृष्टी नेली तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती. नवऱ्याच्या, मुकुंदच्या बदलीमुळे नुकतीच कलकत्त्यात बालीगंजला राहायला आलेली. शहर धड बघूनही झालं नव्हतं. पुढे डमडमच्या ओंकारने तिच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही संगणकप्रणाली घालून दिली. तो जन्मांध, कलकत्त्यातच वाढलेला. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज त्या लॅपटॉपमध्ये होता, आणि त्याच्याच जोरावर विनीता पुन्हा पुस्तकं वाचायला लागली.

त्या दिवशी दुपारी तिची ऑनलाइन मुलाखत होती. बोलकी पुस्तकं तपासण्याचं काम, मिळालं तर आजारपणानंतरची पहिली नोकरी. सकाळी लॅपटॉप अपडेट झाला, बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि वायफाय गायब. यादीत एकही नेटवर्क नाही. फोनच्या इंटरनेटला घरात रेंज नव्हती. मुकुंद दौऱ्यावर, समोरच्या बंगाली वहिनींच्या, बौदींच्या, दाराला कुलूप. तिने ओंकारला फोन लावला.

"ताई, अपडेटमध्ये नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा आलाय, त्याला तुमचं वायफाय कार्ड ओळखता येत नाहीये," तो म्हणाला. "जुना कर्नल अजून आत आहे, त्याच्यावर सुरू करा. पण कर्नल निवडायचा मेनू बोलत नाही हं."

"म्हणजे?"

"आवाज नंतर येतो. तोवर बटणं मोजून दाबायची."

आवाज परत आलाच नाही तर? डोळे गेले तेव्हाही डॉक्टर म्हणाले होते, पट्टी काढल्यावर बघू.

फोन चालूच ठेवून तिने लॅपटॉप बंद केला आणि शिफ्ट दाबून धरून पुन्हा चालू केला. ओंकारने सांगितलं तसं खालचा बाण, एंटर. मग दोनदा खाली, पण बोट चुकून तिसऱ्यांदाही पडलं. एंटर. नंतर काहीच नाही. पंखा घरघरत राहिला. खालच्या गल्लीत मासेवाला ओरडत गेला. तिने स्पीकरला कान लावला.

"ओंकार, गेला रे आवाज! मी घालवला!"

"ताई, दुरुस्तीच्या मेनूत शिरलात. तो मुकाच असतो. काही बिघडत नाही, बंद करून पुन्हा करा."

पुन्हा करायला तिचा हात धजेना. मग एकेक बटण मोठ्याने म्हणत, बोट उचलून, पुन्हा ठेवत तिने दाबलं. शेवटचं एंटर. शांतता. घामाने पाठ भिजली.

आणि तो कोरडा, यांत्रिक आवाज बोलला. वायफायही आलं.

विनीता टेबलावर डोकं ठेवून रडली. मुलाखतीत तिचा आवाज कापत होता, एक उत्तर अर्धवटच राहिलं. तरी काम मिळालं, आधी चाचणीपुरतं. ओंकारने येऊन नव्या कर्नललाही कार्ड ओळखता येईल असा ड्रायव्हर नीट बसवून दिला.

"आता बिनधास्त बंद करत जा," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. पण कितीतरी दिवस तिने लॅपटॉप बंद केला नाही.