टाकीतल्या डांबरगोळ्या

माझं चादरी-टॉवेलचं दुकान आहे, आणि दोन गल्ल्या सोडून चाचांचं गॅरेज. गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, गाडीखाली उतरायला एक खड्डा आणि दुपारी पाठ टेकायला एक बाजलं. चाचा माझे कोणी लागत नाहीत. सगळी पेठच त्यांना चाचा म्हणते. पहिल्या गाडीपासून आतापर्यंत माझ्या गाडीला दुसऱ्या कोणाचा पाना लागलेला नाही.

चाचांची एक रीत होती. गाडी आली की बॉनेट नंतर. आधी टाकीचं झाकण उघडायचं, वाकून नाक लावायचं, डोळे मिटायचे. वैद्यानं नाडी बघावी तसं. मग निकाल. "रॉकेल हाय ह्यात." किंवा, "लई दिवस उभी होती की गाडी, पेट्रोल शिळं झालंय." हा निकाल सहसा चुकत नसे. गाडीवाले तेवढं बघायलासुद्धा थांबायचे.

माझी गाडी आठ वर्षांची झाली तेव्हा पंपावरच्या माणसानं मला एक छोटी बाटली विकली. टाकीत ओता, इंजिन आतून साफ होतं, ऍव्हरेज वाढतं, पिकअप सुधारतो. मी ओतली. मोहोळपर्यंत गाडी हलकी पळाली असं मला वाटलं. घेतलेली वस्तू चांगलीच आहे असं गिऱ्हाइकाला वाटतं, यावर तर आमचा धंदा चालतो. आपणही कोणाचं तरी गिऱ्हाईक असतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

दर महिन्याला ओतत जाऊ का, असं मी चाचांना विचारलं. ते हातातला प्लग पुसत होते.

"काय गरज न्हाय मालक. पेट्रोलमध्ये कंपनी जे घालायचं ते घालूनच देती. तुमी टायमावर आईल बदला, एअर फिल्टर बदला, टायरात हवा ठेवा. गाडी लई जुनी असंल, आत काजळी बसली असंल, तर एखाद्या बाटलीनं थोडा फरक पडतोय. पर दर महिन्याला? बाटलीनं आजवर कुणाचं भलं झालंय व्हय?"

मी हसलो. बाटली बंद केली. इथंच थांबलो असतो तर लिहायला काही उरलं नसतं.

मोडनिंबचे एक जुने गिऱ्हाईक लग्नाच्या आहेराच्या चादरी घ्यायला आले होते. चहा पिता पिता गाडीचा विषय निघाला. त्यांनी दुकानातल्या डब्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "आवो, सोनं घरात ठिवून तुमी बाजारात कशाला हिंडताय? टाकीत चार डांबरगोळ्या टाका. आमच्याकडं फटफटीत समदी टाकतात. घोडा पळतोय घोडा."

चादरींच्या गठ्ठ्यांना कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या आमच्याकडे डब्यांनी असतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मला वाटलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "चाचा बाटलीलासुद्धा नको म्हणाले ना? मग हे कशाला?" मी म्हणालो, त्यांनी बाटलीला नको म्हटलं होतं, गोळ्यांचं कुठं काय म्हणाले. स्वतःच्या या हुशारीवर मी खूश होतो.

टाकी भरली की चार गोळ्या, असा माझा नेम सुरू झाला. महिनाभर गाडी बरी चालली. मग थंडी पडली, आणि सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुर करू लागली. चढाला झटके खाऊ लागली. मी ती चाचांकडे नेली.

त्यांनी झाकण उघडलं आणि वाकले. आता हा माणूस मान वर करून मला चार लोकांत मूर्ख ठरवणार. ते सरळ झाले. "पेट्रोल बरं हाय," म्हणाले.

मी सुटलो. नुसता सुटलो नाही, माझी खात्रीच पटली. चाचांच्या नाकाला ज्यात खोट सापडत नाही, त्यानं गाडीचं नुकसान होणारच नाही. माझ्या गाडीत चादरींमुळे तसाही तोच वास भरलेला असतो, त्यामुळे मला वेगळं काही जाणवायचा प्रश्न नव्हता. त्यांनी प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, गाडीतल्या पेट्रोल-पंपाची जाळी धुतली. जाळीवर पांढरट गाळ होता. पंपवाल्याच्या टाक्यांतली घाण असेल, दुसऱ्या पंपावर भरा, म्हणाले. मी दुसऱ्या पंपावर टाकी भरली, आणि गाडी आजारातून उठली आहे, तिला ताकद हवी, म्हणून चारच्या जागी सहा गोळ्या टाकल्या.

दहा दिवसांत पुन्हा झटके. पुन्हा झाकण, पुन्हा नाक, "पेट्रोल बरं हाय." पुन्हा जाळी धुतली. मी तिसरा पंप धरला आणि पुन्हा गोळ्या. आज हे लिहिताना माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही, पण असंच झालं.

तिसऱ्या खेपेला चाचांनी गाडी दोन दिवस ठेवून घेतली. मी न्यायला गेलो तेव्हा ते बाजल्यावर बसले होते. शेजारी जाळी, फडक्यावर पांढरा गाळ.

"मालक, गाडी दुसरीकडं दाखवा."

"का हो चाचा?"

"मला कळंना झालंय. तीनदा उघडली, तीनदा तेच. माझा हात गेला आता." त्यांनी दोन्ही पंजे उलटेसुलटे करून पाहिले. "पोरगं पुण्याला या म्हणतंय दोन वर्षं झाली. ह्या महिन्याअखेरीला शेड सोडतो. मालकीणबाईला तसं सांगितलंय मी."

मालकीणबाई म्हणजे शेडची जागा ज्यांची होती त्या बाई. म्हणजे बोलणं पुढं गेलं होतं. मी मान हलवली आणि गाडी घेऊन आलो. बोललो नाही. का बोललो नाही, याचं उत्तर सरळ आहे: मला लाज वाटली. ज्या माणसानं नको म्हटलं होतं, त्याला डांबरगोळ्या टाकल्या हे सांगायची लाज.

तीन दिवस मी दुकानात चादरी उलगडून दाखवल्या आणि पुन्हा घड्या घातल्या. दर वेळी घडीत गोळी ठेवताना चाचांचे ते उलटेसुलटे केलेले पंजे दिसायचे. चौथ्या दिवशी गोळ्यांचा डबा उचलला आणि शेडमध्ये जाऊन त्यांच्यापुढे ठेवला.

"हे मी टाकत होतो. टाकीत. प्रत्येक वेळी, तुम्ही साफ करून दिल्यावर परत."

चाचांनी डबा उघडला. ते शिव्या देतील, याची मी तयारी करून गेलो होतो. शिव्या खाल्ल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी एक गोळी उचलली, नाकाशी धरली, डोळे मिटले. बराच वेळ धरली.

"हिला वास असतो न्हवं?" त्यांनी विचारलं.

"असतो की. दारातून आत आलो की येतो."

"म्हंजे तुमी तीनदा गाडी आणली तवा टाकी घमघमत असंल."

मी डब्याला झाकण लावलं.

"मला काय बी येत न्हाय मालक. त्या मोठ्या साथीत ताप आला, तवापासनं. घरात बी म्हाईत न्हाय कुणाला. बायको बिर्याणी करती, मी म्हणतो, वा, काय वास सुटलाय." ते थोडं हसले. "गाडीवाले नाक लावायची वाट बघत उभे ऱ्हातात. मग लावतो. पेट्रोल बरं हाय, म्हणतो. बाकीचं हातानं निभावत होतो. तुमच्या गाडीनं हातावरचा बी भरोसा घालवला."

मग मात्र आवाज चढला. "आदी सांगायचं की! तीन दिवस मी हे हात बघत बसलोय हितं!"

मी म्हणालो, चुकलं. दुसरं काय म्हणणार? पण मला तेव्हा हेही कळलं की पहिल्या दिवशीच त्यांनी खरं सांगितलं असतं, तर मी दुसऱ्यांदा गोळ्या टाकल्या नसत्या; आणि मी खरं सांगितलं असतं, तर त्यांना शेड सोडायचं मनात आलं नसतं. दोघांनी आपापली अब्रू झाकली आणि झटके गाडीनं खाल्ले.

त्यांनी टाकी उतरवली, रिकामी केली, धुतली. साधं पेट्रोल भरलं. गाडी तेव्हापासून विनातक्रार चालते, आणि टाकीत पेट्रोलशिवाय काही जात नाही. शेडच्या मालकीणबाईंना काय निरोप गेला ते मी विचारलं नाही. महिना संपला, पुढचाही संपला, शेड उघडीच राहिली.

आता अधूनमधून दुकानात फोन येतो. "मालक, चहा प्यायला या." मी उठतो. शेडमध्ये कोणाची तरी गाडी आलेली असते, झाकण उघडं असतं. मी गाडी बघायचं निमित्त करून टाकीपाशी जरा रेंगाळतो आणि बाजूला होतो. रॉकेलचा वास आला तर रुमाल काढून नाक पुसायचं, नाही तर नुसतं उभं राहायचं, एवढं आमचं ठरलेलं आहे.

परवा एक माढ्याचा माणूस आला होता. मी टाकीपाशी जाऊन आलो आणि नुसता उभा राहिलो. मग चाचा वाकले, नाक लावलं. पूर्वी ते डोळे मिटायचे. आता उघडे ठेवतात, आणि माझ्याकडे बघतात.

"पेट्रोल बरं हाय," ते म्हणाले.