काकाच्या नावाचं जेवण

माझा मोठा काका दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाकडे मेला, एवढंच आमच्या घरात माहीत होतं. कधी मेला, कशानं मेला, कोणाला ठाऊक नाही. तार आली होती म्हणतात. पण घरात वाचणारं कोणी नव्हतं आणि गावात ज्याला वाचता येत होतं, त्याच्या ओट्यावर चढायची आम्हाला मुभा नव्हती. पुढे ती तार वाळवीनं खाल्ली आणि त्याच्या नावाचं जेवण राहून गेलं.

त्याची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, आज नव्वदीपार आहे. मोताळ्याजवळच्या आमच्या गावातच राहते. मी शाळामास्तरकीतून निवृत्त होऊन बुलढाण्याला. कधीही भेटायला गेलो की तिचं एकच पालुपद. "बापा, माह्या भावाची तारीख शोध. त्याच्या नावानं गाव जेवलं पायजे. मंग मी जायले मोकळी."

निवृत्त माणसाला तसंही घरात कोणी विचारत नाही. लागलो कामाला.

लोकांच्या घरी वंशावळी असतात, आमच्याकडे जातपडताळणीची फाईल. मुलाच्या ॲडमिशनसाठी काढलेली कोतवाल बुकाची नक्कल तिच्यात निघाली. काकाच्या जन्माची नोंद होती: मुलगा झाला. मुलाचं नाव नाही, जात मात्र ठसठशीत. लिहिणारा आपल्या कामात चोख असणार.

ती नक्कल घेऊन एका कचेरीत गेलो. तिथल्या बाबूनं कागद उलटसुलट केला आणि हयातीचा दाखला मागितला.

"अहो, तो मेला म्हणूनच आलोय," मी म्हणालो.

"बरोबर आहे सर. पण मेला असं म्हणायचं तर आधी होता असं दाखवावं लागेल ना."

तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेआधी आत्यानं सहज म्हणून लुगड्यांच्या पेटीतून एक काळपटलेलं मेडल काढलं. कडेला काकाचं नाव आणि नंबर कोरलेला.

"हे आधी काऊन नाही दाखवलं?" मी तडकलो.

"तू कुठं इचारलं?"

नंबर घालून फौजेच्या दफ्तराला पत्र टाकलं. कित्येक महिन्यांनी उत्तर आलं. तारीख मिळाली. सोबत हेही कळलं की काका फौजी दवाखान्यात आचारी होता आणि तापानं मेला. खोटं कशाला बोलू, मला लाज वाटली. मी त्याला मनातल्या मनात कितीतरी टेकड्या जिंकायला लावल्या होत्या.

गावच्या पुढाऱ्यालाही लाज वाटली. त्यानं जेवणाच्या कार्यक्रमाचा फ्लेक्स छापायला टाकला होता. "सर, आचारी म्हणून कसं लावता हो? शोभत नाही. बंदूक त राहू द्या त्याच्या हातात." काकाचा फोटो नव्हताच. म्हणून इंटरनेटवरचा एक पाठमोरा जवान घेतला, अंगावर आजच्या फौजेचा गणवेश. पुढाऱ्याचा स्वतःचा फोटो त्याच्या तिप्पट, आणि तोंड पुढे.

आत्याला मी खाली मान घालून सांगितलं. ती सरसावून बसली.

"दवाखान्यात? म्हंजे जखमी लोकं त्याच्या हातचं खाये?"

"हो."

"सारेच?"

कागदात असलं काही नव्हतं. मी आयुष्यभर पोरांकडून पुरावा मागितलेला माणूस. "सारेच," म्हणालो. तिनं ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. "इथं त आमची सावली चालत नव्हती," म्हणाली आणि डोळे पुसले.

त्या तारखेला वंदना झाली, मग भाषणं. काकानं शत्रूची दाणादाण उडवली, असं मला पहिल्यांदाच कळलं. पलीकडे वरण-भात, आलू-वांगं, पोळ्या, बुंदी तयार. आत्यानं स्वतः मंचाशी जाऊन हात जोडले, "जेवूनच जा."

आमचे लोक बसले. मंचावरच्या एकाला उपास निघाला, एकाची ॲसिडिटी उसळली, पुढाऱ्याला बुलढाण्यात मीटिंग लागली. सगळ्यांनी सीलबंद बाटलीतलं पाणी प्यायलं, काकाला हात जोडले आणि गाड्यांकडे वळले. माझं डोकं फिरलं. मागोमाग निघालो, तर आत्यानं मनगट धरलं.

"काऊन बलावतं त्याईले? ते काय जखमी हायेत?" ती म्हणाली. "तू बस. वरण थंडं होऊन राह्यलं."