पाच हात दोर

फौजेतून मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. इंजिनिअर युनिटमध्ये अठरा वर्षं पूल बांधले. त्यानंतरची पोस्टिंग अमरावतीत, सात मजली इमारतीच्या साइटवर : सेफ्टी सुपरवायझर. कामगार मला मेजर म्हणत. दुरुस्त करणं मी सोडून दिलं होतं.

०८०० ला रांगेत फॉल-इन. बेल्ट, हेल्मेट, बूट. माणसं वर गेली की दर अर्ध्या तासाने मी खालून वॉकीटॉकीवर एकेकाचं नाव घ्यायचो. बेल्टचा हूक सेफ्टीच्या दोराला अडकवलेला असेल तर त्याने "लागला" म्हणायचं. नसेल त्याला मी खाली उतरवायचो. त्या दिवशी पुन्हा वर नाही, मजुरीही नाही.

अकोटचा गजानन, सेंटरिंगचा मिस्त्री, हसायचा. "मेजर, मायी बायकोबी इतक्यांदा इचारत नाई."

"तिला सांग विचारायला."

"मंग मी घरीच काहून जाईन?"

त्या मंगळवारी, १०३०.

"गजानन?"

"लागला."

"रमेश?"

"लागला जी."

सेटवर खरखर होती. दोन्ही आवाज रमेशचे होते, हे मला कळलं नाही. पाचव्या मजल्याच्या कोपऱ्यातली, स्लॅबखालची लोखंडी प्लेट काढायला गजानन हूक सोडून पुढे सरकला होता. वर्गात मित्राची हजेरी लावावी, तशी शेजारी काम करणाऱ्या रमेशने त्याची लावली.

१०३४ ला प्लेट सुटली. गजानन तिच्यासोबत खाली आला. मी वीस पावलांवर होतो. नाडी पाहिली. नव्हती.

संध्याकाळी रमेश माझ्याजवळ येऊन बसला.

"मेजर, म्या मारलं काय त्याले?"

"नाही."

"मंग कोनं?"

पुलावर मी प्रत्येक गाठ स्वतः ओढून पाहायचो. इथे गुडघा दुखतो म्हणून आवाजावर भागवलं.

आता रोज वर चढतो, प्रत्येक हूक हाताने ओढतो. कुणाला खाली उतरवत नाही. अडचण विचारतो आणि ती सुटेपर्यंत काम थांबवतो. रमेश अकोल्याच्या साइटवर गेला. फोन उचलत नाही. संध्याकाळी खोलीवर पुस्तक उघडतो, पान तेच राहतं.

गजानन एक्केचाळीस वर्षांचा होता. कोपऱ्यापर्यंत त्याला पाच हात दोर कमी पडत होता. नव्या दोराचं बंडल खाली माझ्या खुर्चीमागे होतं. त्याने मागितला असता तर मी दिला असता. पण त्या कोपऱ्यातून मागायचा, तर हूक सोडलाय हे आधी मला सांगावं लागलं असतं.