बिसिनची लेक तेनिंग

तेनिंग बाजरी कांडता कांडताच गाणी रचायची. समुद्रकाठच्या जोआल शहरापलीकडे तिचं गाव. तिथं सुगी सरली की कुस्त्या लागत, आणि प्रत्येक पैलवानामागे गाणं रचणारी एक बाई उभी असे. तेनिंगनं चाळीस वर्षांत किती पैलवान चढवले आणि किती पाडले, ते ढोलवाल्यांनाच ठाऊक. गाणं संपताना ती आपलं आणि आईचं नाव घाले, ‘हे म्हणते बिसिनची लेक तेनिंग.’ सगळ्याच बाया घालत. त्या ओळीशिवाय ढोल थांबतच नसे. बिसिन तापानं गेली तेव्हा तेनिंग मुसळाएवढीसुद्धा नव्हती. आईची कबरही पुढे भरतीनं नेली. राहिली ती त्या ओळीत.

मग देश स्वतंत्र झाला, आणि राष्ट्राध्यक्ष मिळाला तो कवी निघाला. कविता मी खेड्यातल्या बायांकडून शिकलो, असं त्यानं पुस्तकातच लिहिलं. झालं! ज्या गाण्यांपायी गोऱ्यांच्या राज्यात शाळेत छड्या बसत, ती उतरवून घ्यायला लोक गावोगाव वह्या घेऊन फिरू लागले. तेनिंगकडे आले गावच्या शाळेतले हमादी मास्तर. तीन दिवस त्यांनी गाणी लिहिली आणि तिच्या घरचं बाजरीच्या कण्यांचं कुसकुस खाल्लं, तेही दोनदा मागून.

वर्षानं त्या वह्यांमधून छापलेलं नवं पुस्तक शाळेत आलं, त्यात तेनिंगचंही गाणं होतं. नात दिबोर वाचून दाखवू लागली आणि मध्येच थांबली.

“पुढं वाच की.”

“संपलं, आजी. तुझ्या नावाची ओळ नाहीच. खाली लिहिलंय, सेरेर लोकांचं गाणं.”

तेनिंग त्या रात्री जेवली नाही. सकाळी डोक्याला फडकं गुंडाळून ती थेट वर्गात जाऊन उभी राहिली. मास्तर तुकुलोर जमातीचे, ती सेरेर जमातीची. या दोन जमाती म्हणजे पिढ्यान्पिढ्यांचे थट्टेचे भाऊबंद. एकमेकांना काय वाट्टेल ते बोलावं, पण रागावला तो हरला.

“काय रे गुलामा,” ती म्हणाली, “माझ्या आईला कुठं पुरलंस?”

पोरं खिदळली. मास्तरही हसले. “ये गं माझ्या बटकी. मी पुरलं नाही. लोकांची कविता एकट्याची नसते, सगळ्यांची असते. राष्ट्राध्यक्षांचं वाचूनच आम्ही हे शिकलो.”

“हो का? मग त्याच्या पुस्तकावर नाव कुणाचं?”

मास्तरांनी खडू खाली ठेवला.

“त्याचंच,” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

“त्याला नाव आहे, त्याला शिकवणारीला नाही. खादाड तुकुलोरा, माझं कुसकुस खाल्लंस ते खाल्लंस, आता माझी आईपण खाल्लीस! ओक तिला.”

मास्तरांना ते झोंबलं. पण चारचौघांत रागावायची सोय नव्हती आणि भाऊबंदाचं मागणं नाकारायचीही नव्हती. त्यांनी दौत उघडली. दुपारपर्यंत शाळेतल्या एकूण एक पुस्तकात, गाण्याखाली, ती ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली. तेनिंग शेजारी बसून होती. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून प्रत्येक पुस्तक ती वेगळ्या पोराकडून वाचून घेई. मास्तरांवर तिचा भरवसा नव्हता अशातला भाग नाही. ऐकायला बरं वाटत होतं, इतकंच.

शेवटी मास्तर दुखरी बोटं चोळत म्हणाले, “आजी, हे एवढ्या एकाच शाळेत झालं. बाकी देशभर पुस्तक तसंच गेलंय.”

“जाऊ दे,” तेनिंग उठत म्हणाली. “तिकडे बिसिनला ओळखतंय कोण?”