एक फटका जास्तीचा

चालता चालता तो एकदम उकिडवा बसायचा. रस्त्यात, लग्नाच्या मांडवात, बँकेच्या दारात, कुठेही. एक डोळा मिटून समोरची जमीन न्याहाळायची, मग उठून गुडघे झटकायचे आणि म्हणायचं, "पानी इकडून जाईन."

मी त्याच्या समोरच्या घरात राहते. उभी हयात शाळेच्या मैदानावर पोरींना खो-खो शिकवण्यात गेली, तेव्हा गुडघ्यांचं मला कळतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, एवढ्या तरण्याताठ्या माणसाच्या कंबरेत उसण भरली. "अरे, कोणाला तरी दाखव," मी म्हटलं. तो हसला. "काही नाही झालं मॅडम, उतार पाहून राह्यलो. बॉल कोनीकडं वळन ते."

तुमच्यातले कोणी अमरावतीचे असतील तर त्यांनीही त्याला पाहिला असेल. उन्हानं रापून काळाठिक्कर पडलेला, डाव्या हाताचा पंजा मात्र गोरापान. खेळताना त्या हातात हातमोजा असायचा. भाजीवाली विचारायची, "बाप्पा, हात भाजला का तुह्या?"

तो गोल्फ खेळायचा. छंद म्हणून नव्हे, पोटासाठी. आमच्या गावाला कुस्ती कळते, कबड्डी कळते, क्रिकेट तर पोरं पाळण्यातच शिकतात. गोल्फ म्हणजे सिनेमातल्या श्रीमंत सासऱ्यांचा खेळ! पण याचे वडील फौजेत होते, कामठीला. तिथल्या साहेब लोकांच्या मैदानावर तो खेळ शिकला. वडील गेल्यावर माय-लेक अमरावतीला आले आणि हा नांदगाव पेठेकडच्या एका पडीक वावरात सराव करू लागला. उन्हाळ्यात आपली काळी जमीन दगडासारखी होते. काठी जरा जमिनीला लागली की मनगटाची वाट. त्यामुळे चेंडू तेवढा अलगद उचलून मारायची त्याला सवय लागली. पुढे परदेशातले लोक त्या फटक्याचं कौतुक करायचे. कुठं शिकला म्हणून विचारायचे. हा सांगायचा, "वावरात."

आशियातल्या मोठ्या स्पर्धांत खेळायचं कार्ड त्याला मिळालं तेव्हा गावानं त्याचा सत्कार केला. कार्ड म्हणजे वर्षभर तिथे खेळायचा परवाना. वर्षाअखेरी पहिल्या ठरावीक लोकांत नाव आलं तर राहतो, नाही तर जातो. सत्काराला शाल, श्रीफळ, हार, सगळं होतं. अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "आमच्या या सुपुत्रानं पुढच्या वर्षी याच्याहून जास्त फटके मारावेत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. गोल्फमध्ये कमी फटके मारणारा जिंकतो हे त्या मांडवात मला आणि त्यालाच ठाऊक. मी डोक्याला हात लावला. तो हार सावरत म्हणाला, "हाव साहेब, मारतो."

मग सुरू झाली वणवण. थायलंड, मलेशिया, तैवान. गेल्या गेल्या स्वस्तातली खोली शोधायची, विजेच्या भांड्यात खिचडी लावायची, मायनं दिलेला ठेचा पुरवून पुरवून खायचा. स्पर्धा चार दिवसांची. दोन दिवस झाले की निम्मे खेळाडू बाहेर, त्यांना छदाम मिळत नाही. ही चाळणी शुक्रवारी संध्याकाळी लागायची. आमची अख्खी गल्ली मोबाइलमध्ये डोकं घालून बसायची आणि येणारा-जाणारा त्याच्या मायला एकच विचारायचा, "राह्यला का निंगाला?"

राहिला असला की माऊली दारात खुर्ची टाकून ऐटीत बसायची. निघाला असला की दार ओढलेलं. मी खिडकीतून नुसती खुर्ची बघायची, मोबाइल बघायची गरजच नव्हती.

त्याच्या टोपीवर अकोल्याच्या एका दाल मिलवाल्या शेठचं नाव होतं. प्रवासाचा खर्च शेठचा. शेठलाही गोल्फ कळत नव्हता, पण टीव्हीवर टोपी दिसते एवढं कळत होतं.

आता ती गोष्ट. वर्षातली शेवटची स्पर्धा, शेवटचा दिवस. कार्ड राहणार की जाणार ते त्या दिवसावर. शेवटून दुसऱ्या खड्ड्याला त्याचा चेंडू उंच गवतात होता. मारायला म्हणून त्यानं काठी मागे टेकवली आणि चेंडू हलला. किती? भुईमुगाच्या दाण्याएवढा. आजूबाजूला कोणी नाही. सोबतचे खेळाडू लांब, कॅमेरा दुसरीकडे. यानं हात वर करून पंचांना बोलावलं. "माझ्या हातून चेंडू हलला. एक फटका वाढवा." आणि त्या एका फटक्यानं कार्ड गेलं.

तिथे म्हणे सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. इकडे तो अमरावतीला परतला आणि लोक त्याच्या घरी मयतीला बसायला येतात तसे आले. ओसरीवर सतरंजी अंथरली. एक आला, दुसरा आला. खालच्या आवाजात बोलायचं, मधेच "च् च्" करायचं, मायकडे बघून मान हलवायची. मीही जाऊन बसले. कोपऱ्यावरचे तात्या, तलाठी म्हणून रिटायर झालेले, त्यांनी चौकशी मांडली.

"काहून सांगतलं बापा तू?"

"हलला होता न तात्या."

"कोनं पाह्यलं?"

"मी पाह्यलं."

"तू त घरचाच मानूस!" तात्या म्हणाले. "बाहेरच्या कोनं पाह्यलं का?"

सगळी ओसरी तात्यांकडे कौतुकानं बघत होती. काय मुद्दा काढला! मला इतका संताप आला की मी उठलेच. तेवढ्यात माय म्हणाली, "टाळ्या वाजोनाऱ्याईनं कार्ड देलं असतं त बरं झालं असतं." त्यानं मान खाली घातली. इतका वेळ त्याला काही लागलं नव्हतं, ते लागलं.

शेठनं खर्च बंद केला. "जो आदमी सोताच्याच विरुद्ध गवाही देते, त्याच्यावर काय भरोसा?" हे शेठचं तत्त्वज्ञान, आणि गल्लीला ते पटलं बरं का! कार्ड परत मिळवायचं तर पात्रता फेरी खेळायची, त्यासाठी परदेशी जायचं, राहायचं. कुठून? हा दारोदार फिरला. ज्यांनी शाल दिली होती ते आता मीटिंगमध्ये असायचे. वावरातला सराव त्यानं सोडला नाही, मात्र बोलणं कमी झालं. एकदा मला म्हणाला, "मॅडम, एक बार जाऊ द्या मले. एकच बार. मी कार्ड आनतोच." माझ्या पेन्शनीकडे तो मागत नव्हता, देवाकडे मागत होता.

आणि शेठनंच बोलावलं. अकोल्याजवळ आपल्या फार्महाऊसवर त्यांना गोल्फचं मैदान करायचं होतं. मोठे लोक येतील, ओळखी होतील. "तू हे उभं करून दे, मंग तुले पात्रता फेरीले मी पाठोतो. जबान देली." हा जिवाचं रान करून राबला. काळ्या मातीवर हिरवळ धरली, उतार काढले. तिथे उकिडवा बसून डोळा मिटायचा तेव्हा मात्र कोणी हसलं नाही, पगारी माणूस होता ना.

उद्घाटनाला त्यानं मायला आणि मला नेलं. मंडपात थंडगार सरबत, खुर्च्यांना पांढरे कपडे. शेठ आणि नागपूरचे एक बडे पाहुणे यांचा सामना. दोघेही नवशिके, पण ईर्षा पाहावी! अगदी शेवटी बरोबरी झाली आणि शेठचा चेंडू गवतात गेला. आमच्या खुर्च्यांपासून दहा-बारा पावलांवर. शेठनं इकडे तिकडे पाहिलं आणि बुटाच्या टोकानं चेंडू सरळ मोकळ्यावर आणला. दाण्याएवढा नाही, चांगला वीतभर. हा शेजारी उभा.

पाहुण्यांना शंका आली असावी. लांबून ओरडले, "क्यों कोच साहब, सब बराबर है?"

त्यानं आमच्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, मायकडे. मायनं डोळ्यांनीच "नको" म्हटलं. मी बाजूलाच होते, मला स्पष्ट दिसलं. आणि मायला तरी काय बोल लावू? तिनं एकदा पोराचं खरं बोलणं भोगलं होतं.

"हाँ साहब," तो म्हणाला. "बराबर है." मग शेठकडे वळून, "मारा शेठ."

शेठ जिंकले. फटाके फुटले. बक्षीस घेऊन येताना शेठनं त्याच्या खांद्यावर हात टाकला, "आता शिकला तू!" तो हसला. तसं हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. जेवताना तो माझ्या पंगतीला आला नाही. घरी परतताना बसमध्ये मायनं मला हळूच विचारलं, "आता त पाठोतीन न मॅडम?"

शेठनं पाठवलं नाही. या वर्षी मंदी, पुढच्या वर्षी निवडणूक, मग पोरीचं लग्न. मग यानंच विचारणं सोडलं. शेठच्या मैदानावरच तो नोकरीला राहिला, मायही तिकडेच राहायला गेली. त्याच्या हाताखाली आता मोठ्या साहेबांची मुलं शिकतात, पगार वेळेवर होतो, आणि शेठ दर वर्षी आपल्याच स्पर्धेत पहिले येतात. हाच माइकवरून नाव पुकारतो म्हणे.

समोरच्या घराला कुलूप आहे. कधी त्याचा विषय निघाला की तात्या समाधानानं म्हणतात, "सुधारला पोट्टा." बाकीचे माना डोलावतात. माझ्या अंगाचा तिळपापड होतो. एक सरळ माणूस होता आमच्या गल्लीत. सगळ्यांनी मिळून त्याला सुधारून टाकला.