चहा उकळेपर्यंत एक पान

गल्लीतली माणसं त्याला तोंडावर बाइंडरकाका म्हणत आणि पाठीमागे उद्याराव. दोन्ही नावं त्याने स्वतःच कमावलेली होती. पुस्तक असं बांधायचा की पुढची पन्नास वर्षं पान हलायचं नाही. पण ते कधी बांधून मिळेल हे विचारायची सोय नव्हती. "उद्या या," हे तो इतक्या गोड आवाजात सांगायचा की गिऱ्हाईक उलट त्याचेच आभार मानून निघायचं आणि कोपऱ्यावर पोचल्यावर त्याला आठवायचं, आपण चौथ्यांदा हात हलवत चाललोय. एका वकिलाने कायद्याची पुस्तकं त्याच्याकडे टाकली होती. ती बांधून होईपर्यंत कायदाच बदलला.

घरातही तोच कारभार. स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी लग्नाच्या वर्षी तुटली आणि तिथे सुतळी आली. पुढे मुलगी झाली, शिकली, लग्न होऊन सासरी गेली. सुतळी होती तिथेच. "सुतळी मात्र वेळेवर बदलता हं तुम्ही," बायको म्हणायची. तो हसायचा. हसण्यावारी नेण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

एकच गोष्ट त्याला हसण्यावारी नेता येत नव्हती. कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली आईची वही.

तो चौदा वर्षांचा असताना आईने त्याला या शहरात मामाकडे, बाइंडिंगचं काम शिकायला पाठवलं. निघताना ती दारातसुद्धा आली नाही. आतल्या खोलीत भांडी घासत राहिली. थोरल्या बहिणीने, ताईने, त्याला बसपर्यंत पोचवलं. त्या भांड्यांचा आवाज त्याच्या मनात कायमचा अडकला. खाणारं एक तोंड कमी झालं म्हणून आई सुटली, असंच त्याने धरलं, आणि चव्वेचाळीस वर्षं कोणापाशी बोलला नाही. सहा वर्षांनी आई गेली. त्या सहा वर्षांत तिने एका जाड वहीत रोज झोपायच्या आधी एक ओळ लिहिली होती, असं नंतर ताईने सांगितलं. कितीही दमली तरी एक ओळ.

वही ताईकडे राहिली. कधी तरी तिची शिवण उसवली, पानं सुटली, कडा फाटल्या. अठरा वर्षांपूर्वी ताईने ती त्याच्या हातात दिली. "घरचाच बाइंडर आहे म्हटलं. बांधून दे. आणि बांधता बांधता बघ जरा."

त्याने तिसऱ्याच दिवशी काम काढलं. उद्यारावाच्या आयुष्यात हे नवलच. पण आईच्या वहीची त्याला घाई होती. का, ते त्याला सांगता आलं नसतं. मधलं एक फाटकं पान उचललं, उलटं धरलं, पातळ कागदाच्या पट्टीला खळ लावली आणि नेहमीसारखं ओल्या ब्रशने दाबलं.

पान उलटं धरायची शिकवण तो काम शिकला त्या दुकानाच्या मालकाची. "सरळ धरलंस तर डोळा वाचायला लागतो," मालक म्हणायचे, "आणि डोळा वाचायला लागला की हात थांबतो." तेव्हापासून हजारो पुस्तकं त्याच्या हाताखालून गेली आणि त्यातलं एकही त्याने वाचलं नाही. उलटं अक्षर म्हणजे त्याला नुसती नक्षी.

पण ती सगळी पुस्तकं छापील होती. छापाची शाई पाण्याला दाद देत नाही. आईने लिहिलं होतं दौतीतल्या शाईने. ब्रश फिरला आणि ओळी पसरल्या. पाहता पाहता दोन्ही बाजू निळ्या झाल्या. नवशिक्याने करावी अशी चूक, आणि ती केली सव्वीस वर्षं हाच धंदा केलेल्या माणसाने. त्या पानावर काय होतं, तेही त्याला माहीत नव्हतं. त्याने वही टॉवेलात गुंडाळली आणि वर ठेवली.

ताई दर रविवारी फोन करायची. शेवटी विचारायची, "वही झाली का रे?" आणि तो म्हणायचा, "होतेय गं." अठरा वर्षांचे रविवार. फोन ठेवल्यावर तो फळीकडे बघायचा. आईचं अक्षर हाताच्या अंतरावर होतं आणि त्याचा हात तिथवर जात नव्हता. आई आठवली की त्याला नुसत्या भांड्यांचा आवाज यायचा, आणि त्याहून वेगळं काही आठवावं म्हणून तो तळमळायचा.

मग एका रविवारी ताईने वहीचं विचारलंच नाही. म्हणाली, "डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेले होते. उजवा गेल्यातच जमा आहे. डावा सहा महिने, फार तर सात. उपाय नाही म्हणाले."

"मग वही?" त्याच्याच तोंडून निघालं.

"तुझं तू बघ," ताई म्हणाली.

तो जेवला नाही. बायकोने दोनदा हाक मारली, मग समोर येऊन बसली. त्याने पहिल्यांदाच तिला त्या निळ्या पानाचं सांगितलं. एकशे साठ पानं आहेत, म्हणाला, माझ्याने व्हायची नाहीत.

"एकशे साठ कोण करायला सांगतंय?" बायको म्हणाली. "एक करा. सकाळी मी चहा ठेवते. उकळेपर्यंत एक पान."

"आणि चहा आधी उकळला तर?"

"उकळू दे की. नाहीतरी तुम्हाला कडकच लागतो."

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन टेबलापाशी बसला. खळ त्याने पाण्याशिवाय, घट्ट घेतली. बोटाच्या टोकावर, तीही फक्त कडेला. पान उलटं. पट्टी बसली. शाई हलली नाही. वर टीपकागद, त्यावर वजन. इतकंच. चहा झाला. गोष्ट एवढीशी होती की ती पुढे ढकलायला निमित्तच सापडेना, आणि उद्यारावासारख्या माणसाची अशाने फार पंचाईत होते.

पहिले काही दिवस बायको पातेल्यापाशी उभी राहून पहारा द्यायची. एकदा त्याने कंटाळा केला, तर तिने गॅस बंद केला आणि आपल्यापुरतं पाणी पिऊन कामाला लागली. त्या दिवशी दुकान त्याने चहावाचून उघडलं. परत पान चुकलं नाही. ताप आला तेव्हासुद्धा अंगावर शाल घेऊन त्याने पान केलं, तेही वाकडं नाही.

तिसऱ्या महिन्यात वेगळंच झालं. पान झालं आणि चहाला अजून अवकाश होता, म्हणून तो उठला आणि खिडकीला कडी बसवून टाकली. बायको आली, कडीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "बरं वाटतंय ना तुम्हाला?" तिने विचारलं. दुकानातही हळूहळू माणसं एका खेपेत पुस्तकं घेऊन जायला लागली. गल्लीला चैन पडेना. थट्टा करायचं हक्काचं माणूस हातचं गेलं होतं.

सगळी पानं झाली. मग गठ्ठे लावून शिवण, कापडी पाठ, पुठ्ठे. निळ्या पानाच्या जागी त्याने त्याच मापाचं कोरं पान घातलं. एवढं करूनही वही त्याने सरळ धरली नाही. मालकाची शिकवण होती, असं तो स्वतःला सांगायचा. खरं म्हणजे त्याला भीती होती. सहा वर्षं रोज एक ओळ, आणि त्यात आपण कुठेच नसलो तर?

साडेसहा महिने झाले होते. बसमध्ये पाच तास तो वही मांडीवर घेऊन बसला.

ताईने दार उघडलं आणि त्याच्या खांद्यापलीकडे बघत म्हणाली, "आलास?" डावा डोळाही तोवर थांबला नव्हता. तिने वहीवरून हात फिरवला, पाठीवर नखाने टकटक केलं. "मजबूत बांधलीस."

"ताई, उशीर केला गं मी."

"मला कुठे वाचायची होती? वीस वर्षं माझ्याकडेच होती, बरीचशी तोंडपाठ आहे मला. तुला वाचायला दिली होती. बघ म्हटलं होतं ना?"

"मग सरळ सांगायचंस."

"सांगितलं असतं तर उद्यावर टाकलं असतंस," ताई म्हणाली. "आता वाच. कुठूनही."

त्याने वही सरळ धरली. आईचं बुटकं, उजवीकडे झुकलेलं अक्षर. 'पाऊस नाही. धाकट्याचं पत्र नाही.' खालची ओळ. 'ताईचा ताप उतरला. धाकट्याचं पत्र नाही.' त्याने पान उलटलं. 'शेजारी लग्न होतं, गेले नाही. धाकट्याचं पत्र नाही.' पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढच्यावरही तेच. एकशे साठ पानं त्याने हातांनी सांधली होती आणि प्रत्येकावर आई त्याची वाट बघत होती.

उद्या लिहू, असं तो तेव्हाही म्हणायचा. मामाच्या घरी, अंथरुणावर पडल्या पडल्या, रोज.

"एक लिहिलं होतं मी," तो म्हणाला. "एकदा."

"हो. त्या दिवशीचं पान काढ ना. मधे कुठेतरी आहे."

तो पानं उलटत गेला. समासातल्या तारखा बघत गेला. आणि वही कोऱ्या पानाशी थांबली.

ब्रश, पाणी, पसरलेली शाई, सगळं त्याने सांगितलं. मग ताईने चाचपडत हात पुढे केला आणि कोऱ्या पानावर ठेवला.

"त्या पानावरचं बाकीचं मला आठवत नाही," ती म्हणाली. "ती ओळ आठवते. सांगते, लिही. की उद्या?"

त्याने खिशातून पेन काढलं. ताई सावकाश सांगत होती, आणि तो आईच्या वहीत, आईच्या ओळी होत्या त्या जागी, आपल्या अक्षरात लिहीत होता:

'आज धाकट्याचं पत्र आलं. चारच ओळी आहेत. तो निघाला तेव्हा मी दाराशी गेले नाही, गेले असते तर जाऊ दिला नसता. हे उद्या त्याला लिहीन.'