भुईचाफ्यानं बळकावलेली खोली

आमच्या परसात जो देव आहे, तो मी स्वतःच्या हातानं लावला. शेणखत घालून.

लढाईवरून सुटून मी पलूसजवळच्या आमच्या गावी आलो, लग्न झालं, आणि ध्यानात आलं की पलटणीत निदान माझी खाट तरी माझी होती! इथं मी ओसरीवर वडील, चुलते आणि ज्वारीची पोती यांच्यात निजायचो. बायको, तानू, माजघरात आत्याशेजारी. (आत्या म्हसवडची. चार दिवस म्हणून भावाकडं आली, ती राहिलीच.) शेवटी परसात आंब्याच्या सावलीत आम्हा दोघांपुरती एक खोली बांधायची, असं मी ठरवलं.

पण तिथं तानूनं मेढ्याहून, माहेराहून आणलेले भुईचाफ्याचे गड्डे मी लावून बसलो होतो. पावसाळ्यात सावलीत जमिनीलगत झकास पानं पसरली, आणि थंडीत सगळी वाळून गेली. उरली नुसती भुई!

"आवं, गड्डं आदी काढून दुसरीकडं लावा," तानू म्हणाली. "मेलं न्हाईत, निजल्यात. उन्हाळ्यात उठतील."

"मेलेलं कवा उठतंय व्हय?" मी हसलो. (लढाई पाहिलेल्या माणसाला मेलेलं ओळखता येतं, अशी माझी समजूत!)

पाया खणायच्या सकाळी आत्या नारळ घेऊन पुढं गेली आणि अशी किंचाळली, की गवंड्याच्या हातातली कुदळच गळाली.

"आरं, द्येव परगटला!"

धावत जाऊन पाहतो तो काय! कोरड्या भुईतून थेट पांढरी-जांभळी फुलं वर आलेली. पान नाही, फांदी नाही.

"आवं आत्या, भुईचाफा हाय त्यो. म्याच लावलाय!"

"गप! बिनपानाचं फूल कुटं आसतंय का रं?"

तानूनं धीर केला. "आमच्या मेढ्याकडं लय उगवत्यात, आत्याबाई."

आत्यानं तिला कडकडून मिठीच मारली. "म्हंजी द्येव तुज्या माह्यारनं आलाय, पोरी!"

संपलं! दुपारी शेंदूर आला, संध्याकाळी भजनी मंडळ आलं आणि आमच्या खोलीच्या विटांचं देऊळ झालं. मला रडूच यायचं बाकी होतं.

"काडा म्हनलं हुतं न्हवं?" एवढंच तानू म्हणाली.

पुजारी म्हणून नेमणूक माझीच. रोज पाणी घाला, खत घाला! भुईचाफा पसरणारच. पुढल्या उन्हाळ्यात फुलं देवळाबाहेर आली. "द्येवाला जागा पुरंना," म्हणत आत्यानं न्हाणी हलवली. त्यानंतर वैरणीची गंज गेली.

यंदा पहिलं फूल ओसरीच्या पायरीशी उगवलं. आत्यानं एकवार फुलाकडं पाहिलं, एकवार माझ्या अंथरुणाकडं. मी मुकाट्यानं वळकटी बांधली.

आता आमच्या खोलीत देव, माजघरात तानू आणि गोठ्यात मी. बैलांची अडचण होते. पण ते बिचारे बोलून दाखवत नाहीत.